एका शब्दाचा फरक : विधेयक समितीकडे जाते तेव्हा

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगाराच्या पावतीवर 'व्यवसाय कर' नावाची एक छोटी वजावट असते. बहुतेकांची नजर तिच्यावर थांबत नाही. १९७५ साली हा कर बसवण्यात आला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे बीड जिल्ह्यातही हजारो हात दुष्काळी कामांवर राबत होते. त्या अनुभवातून, विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ही योजना उभी राहिली. पुढे १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मुंबई-पुण्यातील पगारपत्रक आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील पाझर तलावावरचे हजेरीपत्रक यांचे नाते असे जुने आहे.

हे नाते कायद्याच्या शब्दांनी बांधलेले आहे. हे शब्द सभागृहातील भाषणांतून ठरतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक महत्त्वाच्या कायद्यांचे शब्द ठरतात ते समितीच्या बैठकीत. तेथे प्रेक्षकांची गॅलरी नसते, घोषणाबाजी नसते आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरेही नसतात. रोजगार हमीच्याच केंद्रीय कायद्याने त्याचे एक उत्तम उदाहरण पुरवले आहे.

'गरीब' हा शब्द

केंद्र सरकारने २१ डिसेंबर २००४ रोजी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक लोकसभेत मांडले. त्यात वर्षाला किमान १०० दिवसांच्या कामाची हमी होती. पण ती प्रत्येक 'गरीब' कुटुंबाला होती. गरीब म्हणजे दारिद्र्यरेषेखालील. कागदावर ही अट रास्तच वाटते. गरिबांसाठीचा कायदा गरिबांनाच लागू व्हावा, यात वावगे ते काय?

बीड जिल्ह्यातील पाटोदा किंवा शिरूर कासार तालुक्यातील एखाद्या गावी जाऊन हा शब्द वाचला, म्हणजे त्यातील अडचण ध्यानात येते. तीन-चार एकर कोरडवाहू जमीन, पावसाच्या भरवशावरचे पीक आणि दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडे जाणारे जोडपे, असे येथील अनेक कुटुंबांचे चित्र असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात हंगाम सरतो. अशा कुटुंबाच्या नावावर जमीन असते, कदाचित दोन पत्र्याच्या खोल्या असतात. सर्वेक्षणाच्या दिवशी ते ऊसतोडीला परमुलखात असले, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत त्याचे नाव येईलच याची शाश्वती नाही. यादीत नाव नाही म्हणून हमी नाही, असा त्या एका शब्दाचा अर्थ झाला असता.

हे विधेयक ग्रामविकास खात्याशी संलग्न असलेल्या संसदीय स्थायी समितीकडे पाठवण्यात आले. कल्याणसिंह हे तिचे अध्यक्ष होते. समितीने जुलै २००५ मध्ये अहवाल दिला. ग्रामीण भागातील सर्वच कुटुंबांना हमी द्यावी, ती गरीब कुटुंबांपुरती मर्यादित ठेवू नये, ही त्यातील एक कळीची शिफारस होती. त्याच सुमारास अरुणा रॉय, ज्याँ द्रेझ यांच्यासारख्यांची मोहीम आणि सरकारला पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांचा आग्रहही त्याच दिशेने होता. सरकारने स्वतःच्याच विधेयकाला दुरुस्त्या आणल्या. २३ ऑगस्ट २००५ रोजी लोकसभेने जे विधेयक संमत केले त्यात 'गरीब' हा शब्द नव्हता. ज्या ग्रामीण कुटुंबातील प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असतील, त्या प्रत्येक कुटुंबाला हमी मिळाली. मूळ विधेयकात कायदा देशभर लागू करण्यास मुदत नव्हती. संमत कायद्यात पाच वर्षांची मुदत आली. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरू झालेला हा कायदा एप्रिल २००८ पर्यंत देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला होता.

समित्यांचे दोन प्रकार

विधेयकाचा विचार करणाऱ्या समित्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात आणि त्यांच्या अधिकारांत महत्त्वाचा फरक आहे.

पहिला प्रकार प्रवर समिती आणि संयुक्त समितीचा. एखाद्या विशिष्ट विधेयकासाठीच ती नेमली जाते आणि अहवाल दिला की तिचे काम संपते. प्रवर समितीत एकाच सभागृहाचे सदस्य असतात, तर संयुक्त समितीत दोन्ही सभागृहांचे. संसदेच्या संयुक्त समितीत लोकसभेचे दोन सदस्य असतील तर राज्यसभेचा एक, असे प्रमाण सामान्यतः राखले जाते. सभागृहात तसा प्रस्ताव मंजूर झाल्यावरच अशी समिती अस्तित्वात येते. ही समिती विधेयकाच्या मजकुरात स्वतः बदल करू शकते. खंड वगळणे, नवा खंड घालणे, व्याख्या बदलणे हे सारे तिच्या अधिकारात येते. मर्यादा एवढीच, की दुरुस्ती विधेयकाच्या विषयाच्या कक्षेत हवी. धरणाच्या विधेयकात विद्यापीठ आणता येत नाही.

दुसरा प्रकार विभागसंबंधित स्थायी समित्यांचा. संसदेत १९९३ पासून त्या सुरू झाल्या. प्रारंभी त्या १७ होत्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात व मंत्र्याला सदस्य होता येत नाही. सभागृहाचे पीठासीन अधिकारी त्यांच्याकडे विधेयक सोपवतात. या समित्या विधेयकाचा मजकूर स्वतः बदलत नाहीत, केवळ शिफारशी करतात. नियमांनुसार त्यांच्या अहवालाला विचारपूर्वक दिलेल्या सल्ल्याचे मूल्य असते. तो सरकारवर बंधनकारक नसतो. २००५ मध्ये 'गरीब' हा शब्द समितीने आपल्या हाताने खोडला नाही. तिने तो खोडण्याची शिफारस केली, आणि सरकारला ती मानणे भाग पडले किंवा पटले.

बंद दाराआडचे काम

समितीच्या कामाची साधारण रीत ठरलेली आहे. प्रथम संबंधित खात्याचे अधिकारी विधेयकाची गरज समजावून सांगतात. मग वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन नागरिक, संघटना व तज्ज्ञ यांच्याकडून लेखी सूचना मागवल्या जातात. त्यांतील काहींना साक्षीसाठी पाचारण केले जाते. आवश्यक वाटल्यास समिती दौरेही काढते. त्यानंतर खंडशः विचार सुरू होतो.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. विधेयकात जे 'खंड' असतात, तेच कायदा झाल्यावर 'कलमे' होतात. समितीचा अध्यक्ष एकेक खंड विचारार्थ घेतो, सदस्य दुरुस्त्या सुचवतात आणि प्रत्येक दुरुस्तीवर निर्णय होतो. विधेयकाचे विस्तृत नाव व उद्देशिका बहुधा शेवटी घेतली जाते. इमारत उभी राहिल्यावरच तिला पाटी लावावी, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे.

बैठका बंद दाराआड होतात, याविषयी अनेकांची तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. पण या गुप्ततेचा एक लाभही आहे. सभागृहात पक्षादेशाने बांधलेला सदस्य येथे थोडा मोकळा असतो. विरोधकाची सूचना मान्य केली तर आपली माघार उद्याच्या मथळ्यात झळकेल, ही धास्ती मंत्र्यालाही येथे कमी असते.

ताऱ्यांची आणि रेघांची भाषा

समितीच्या अहवालाचे साधारणपणे चार भाग असतात. समितीने केलेल्या प्रमुख बदलांचा खुलासा पहिल्या भागात येतो. सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका, समितीने सुधारलेले विधेयक आणि बैठकांचे कार्यवृत्त हे उरलेले भाग होत. संसदेच्या संयुक्त समितीने सुधारलेले विधेयक हाती घेतले तर ते वाचण्याची खूण पहिल्याच पानावर सापडते. जे शब्द नव्याने घातले, त्यांच्या खाली किंवा बाजूला रेघ असते. जेथून शब्द वगळले, तेथे तारे छापलेले असतात. सरकारला काय हवे होते आणि लोकप्रतिनिधींनी त्यात काय बदलले, हे या रेघा आणि तारे सांगतात.

भिन्नमतपत्रिका हा अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. समितीतील अल्पमतातील सदस्याला आपला विरोध कारणांसह नोंदवण्याचा तो हक्क आहे. लोकसभेच्या नियमांनुसार तिची भाषा संयत हवी, तीत समितीतील चर्चेचा उल्लेख नको आणि समितीवर दोषारोप नको. पत्रिकेने निर्णय बदलत नाही. पण पुढे न्यायालयात किंवा इतिहासात त्या कायद्याचा अर्थ लावताना, कोणी कोणता धोका वेळीच दाखवला होता, याची अधिकृत नोंद तेथे मिळते. सभागृहात गाजवलेले भाषण या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

याचा प्रत्यय महाराष्ट्राला अलीकडेच आला. जुलै २०२४ मध्ये मांडलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक त्या विधानसभेच्या मुदतीत संमत झाले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ते नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवण्यात आले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये अहवाल सादर झाला, तेव्हा त्यात तीन प्रमुख बदल होते. मूळ विस्तृत नावात 'व्यक्ती आणि संघटना' यांच्या बेकायदा कृत्यांचा उल्लेख होता. त्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना, असा शब्दप्रयोग आला. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश असावेत, अशी तरतूद झाली. तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला.

समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ सदस्य होते. परंतु अहवालाला एकही भिन्नमतपत्रिका जोडलेली नव्हती. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. त्या वेळी ठाम विरोध नोंदवला तो माकपचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी ते विधान परिषदेतही संमत झाले. विरोधकांचा तीव्र आक्षेप त्यानंतर सभागृहाबाहेर उमटला, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : समितीत हे मत का नोंदवले नाही? विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, तो प्रश्न प्रक्रियेच्या दृष्टीने बिनतोड होता.

अध्यक्षपद कोणाचे?

याच उदाहरणात आणखी एक मुद्दा दडलेला आहे. संसदेच्या स्थायी समित्यांपासून मंत्र्यांना दूर ठेवले जाते, कारण ज्याच्या खात्याचे काम तपासायचे तोच तपासणाऱ्यांत नसावा. महाराष्ट्रात मात्र संयुक्त समितीचे अध्यक्षपद मंत्र्याकडे जाण्याची प्रथा दिसते. महिला व बालकांवरील अत्याचारांबाबतच्या २०२० च्या शक्ती विधेयकावरील संयुक्त समितीचे अध्यक्षपदही गृहमंत्र्यांकडेच होते. त्यामुळे बदल स्वीकारले जाणे सोपे होते, हे खरे. मात्र कोणते बदल चर्चेला यावेत, यावर सरकारची पकड राहते, हेही तितकेच खरे. केरळने १९८० पासून विषय समित्यांची पद्धत स्वीकारली आणि तेथे विधेयके सर्वसाधारणपणे या समित्यांकडे जातात; पण संबंधित मंत्रीच तेथेही समितीचा अध्यक्ष असतो.

सभागृहच श्रेष्ठ

समितीचा शब्द अखेरचा नसतो, हे बीडकरांइतके कोणाला माहीत असावे? १९५६ पर्यंत बीड हा हैदराबाद राज्यातील जिल्हा होता. एप्रिल १९५६ मध्ये लोकसभेत मांडलेल्या राज्य पुनर्रचना विधेयकात मराठवाड्यासह महाराष्ट्र, स्वतंत्र गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशी त्रिस्थळी योजना होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि जुलैमध्ये तिचा अहवाल आला, तेव्हाही हा सांगाडा कायम होता. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला तो याच काळात.

ऑगस्टमध्ये मात्र सभागृहातच चित्र पालटले. अनेक खासदारांच्या मागणीनंतर दुरुस्ती आली आणि तिन्हींच्या जागी एकच द्वैभाषिक मुंबई राज्य ठरले. समितीने महिनोन् महिने तपासलेला नकाशा सभागृहाने काही दिवसांत बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद यांच्यासह बीड जिल्हा त्या द्वैभाषिक राज्यात दाखल झाला. विधेयकातील 'महाराष्ट्र' हे नाव प्रत्यक्षात येण्यासाठी १ मे १९६० पर्यंत वाट पाहावी लागली.

समितीचा अहवाल आल्यावर सभागृहापुढे तीन मार्ग असतात : समितीने सुधारलेले विधेयक विचारार्थ घेणे, ते पुन्हा समितीकडे पाठवणे किंवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करणे. विचारार्थ घेतल्यावरही प्रत्येक खंडावर नव्याने दुरुस्ती सुचवता येते. अंतिम अधिकार सभागृहाचा, आणि लोकशाहीत तो तसाच असायला हवा. समितीने तो अधिकार अधिक डोळसपणे वापरता यावा एवढी सोय करून द्यायची असते.

वाट आखडते आहे

ही सोय अलीकडे कमी वापरली जाते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार चौदाव्या लोकसभेच्या काळात सुमारे ६० टक्के, तर पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आले आणि सतराव्या लोकसभेत ते सुमारे १६ टक्के होते.

रोजगार हमीच्या बाबतीत हा बदल ठळकपणे दिसला. २००५ च्या कायद्याची जागा घेणारे 'विकसित भारत रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' विधेयक १६ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत मांडण्यात आले. विरोधकांनी ते समितीकडे पाठवण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. लोकसभेतील चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. १८ डिसेंबरला लोकसभेने आणि त्याच रात्री उशिरा राज्यसभेने ते संमत केले. २१ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २००४ च्या विधेयकाने समितीत सात महिने काढले होते. या विधेयकाचा मांडणीपासून संमतीपर्यंतचा सारा प्रवास सहा दिवसांत पुरा झाला.

नव्या कायद्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही स्वागतार्ह बाब. बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला, हा वादाचा मुद्दा. तिसरी तरतूद बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. पेरणी आणि सुगीच्या ऐन हंगामात शेतीला मजूर मिळावेत, म्हणून वर्षातील एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील. ज्या गावातील मजूर हिवाळाभर ऊसतोडीला बाहेर असतात आणि चैत्राच्या सुमारास परततात, त्यांच्या हाती गावात असण्याचे महिनेच मोजके. त्यांतून पेरणीच्या काळातील बंदीचे दिवस वजा झाले तर १२५ दिवसांपैकी किती पदरात पडतील? याचे उत्तर कदाचित समाधानकारकही असेल. राज्याने हे दिवस कसे ठरवावेत, याची एखादी तरतूद सुचली असती. परंतु असा प्रश्न विचारण्याची, अधिकाऱ्यांकडून आकडे मागवण्याची आणि एखाद्या ऊसतोड मजुराला साक्षीला बोलावण्याची जागा म्हणजे समिती. हे विधेयक त्या जागेवरून गेलेच नाही.

नागरिकाच्या हाती काय?

विधेयक समितीकडे गेल्यावर सूचना मागवणारे निवेदन प्रसिद्ध होते, तेव्हा मुदत बहुधा थोड्या आठवड्यांचीच असते. अशा वेळी 'आमचा विरोध आहे' किंवा 'आमचा पाठिंबा आहे' एवढेच कळवणाऱ्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. कोणता खंड, त्यातील कोणता शब्द, त्याने कोणाचे काय होईल आणि त्याऐवजी कोणता शब्द हवा, असे चार मुद्दे मांडणारे एक पानी निवेदन अधिक परिणामकारक ठरते, कारण खंडशः विचाराच्या वेळी तेच पान उघडले जाते. बीड जिल्ह्यातून विधानसभेवर सहा सदस्य निवडून जातात. त्यांपैकी कोणी समितीवर असेल तर त्याला गाठणे सोपे. नसेल तरी समितीच्या सचिवालयाला लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही.

अहवाल सादर झाल्यावर तो मिळवून वाचणे, हे दुसरे काम. आपल्या प्रतिनिधीने समितीच्या किती बैठकांना हजेरी लावली, त्याची भिन्नमतपत्रिका आहे की नाही, हे त्यातून कळते. प्रचारसभेत त्याचे उत्तर मागण्याचा हक्क मतदाराला आहे.

२००५ च्या कायद्याच्या पुस्तकात 'गरीब कुटुंब' ही अट सापडत नाही. ती कधी काळी होती, हे समजते ते २००४ चे मूळ विधेयक आणि स्थायी समितीचा अहवाल शेजारी ठेवून वाचल्यावर. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या ज्या कुटुंबांना पुढील वीस वर्षांत गावच्या कामावर हजेरी लावता आली, त्यांना ती मिळाली या एका दुरुस्तीमुळे.